आकाशात ‘मला काही होत नाही’ चालत नाही!

पायलट व्हायचंय? मग फार लांब बघू नका. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिकांचं प्रशिक्षण चालत आलंय. १९९९ पर्यंत तो भाग आपल्या भंडारा जिल्ह्यातच होता! अशा प्रशिक्षणात डायमंड डीए-४० सारखी छोटी विमानं वापरतात.

मोठ्या प्रवासी विमानात हवेचा दाब राखलेला असतो. या छोट्या विमानांत तशी सोय नसते. बाहेर हवा जेवढी विरळ, तेवढीच आत. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच राहतो, पण १८ हजार फुटांवर हवेचा दाब निम्मा होतो. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच. आपलं कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. डीए-४० मात्र १६ हजारांपर्यंत चढू शकतं.

गंमत नव्हे, धोका इथेच आहे. ऑक्सिजन कमी पडला की दम लागेलच असं नाही. उलट छान, हलकं वाटतं. साधी बेरीज चुकते, अक्षर बिघडतं, नखं निळसर होतात आणि तरी तुम्ही म्हणता, ‘मी एकदम ओके!’ करोनात ऑक्सिमीटरचा आकडा घसरूनही गप्पा मारणारे पेशंट होते ना? तसंच. चूक पकडणारा मेंदूच आधी मंदावतो. म्हणून बंगळुरूच्या हवाई दलाच्या संस्थेत कमी दाबाच्या चेंबरमध्ये बसवून वैमानिकांना आपापली लक्षणं ओळखायला शिकवतात.

यावर उपाय म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर आणि नाकातली नळी. १८ हजार फुटांच्या वर मात्र मास्कच हवा. अमेरिकेतला नियम सांगतो: १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहायचं असेल तर वैमानिकाने ऑक्सिजन घ्यायचाच, १४ हजारांच्या वर पूर्ण वेळ. रात्री तर ५ हजारांपासूनच घ्या, असा सल्ला आहे, कारण नजर सगळ्यात आधी मंदावते.

उड्डाणाआधी सिलिंडरचा दाब, जोडण्या आणि ऑक्सिजन खरंच वाहतोय का, हे तपासायचं. जवळ तेल, ग्रीस किंवा सिगारेट नको. ऑक्सिजनमध्ये आग झपाट्याने भडकते. शिवाय सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जमिनीवरच घटलेली असते. पायलट व्हायचं असेल, तर ती आजच सोडा.

आणि लक्षात ठेवा, नळी ‘कसंतरी वाटतंय’ म्हणून लावायची नसते. उंचीच्या मीटरवरचा आकडा बघून लावायची असते.