बाजारपेठेच्या पोटातील स्थानक : काळबादेवी

जालन्यातील कापड आणि सराफीच्या पेढ्यांना मुंबईची काळबादेवी नवी नाही. मूळजी जेठा मार्केट, मंगळदास मार्केट आणि झवेरी बाजार येथील खरेदीसाठी पिढ्यानपिढ्या फेऱ्या होत आल्या आहेत. 30 डिसेंबर 2023 रोजी जालना–मुंबई वंदे भारत एक्सप्रेसला हिरवा झेंडा दाखवण्यात आला. पुढे ती नांदेडपर्यंत वाढली. तरीही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर बाजार गाठताना गर्दीतून वाट काढावी लागे. 9 ऑक्टोबर 2025 पासून हे अंतर भूमिगत मेट्रोने अवघ्या एका स्थानकाचे झाले आहे.

कफ परेड ते आरे हा मेट्रो मार्ग 3 सुमारे 33.5 किलोमीटर लांब असून त्याच्या 27 स्थानकांपैकी 26 भूमिगत आहेत. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये, आचार्य अत्रे चौकापर्यंतचा दुसरा मे 2025 मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा अखेरचा ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाला. सुमारे 37 हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पास जपानच्या जायका संस्थेने मोठे कर्ज दिले.

रस्त्याखालचा रस्ता

काळबादेवी आणि गिरगाव या परिसरातून मेट्रो ज्या रस्त्याखालून जाते, त्याला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे. व्यापारी घराण्यात जन्मलेले नाना शंकरशेट (1803–1865) हे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या आरंभीच्या भारतीय संचालकांपैकी एक होते. याच कंपनीची बोरीबंदर ते ठाणे ही गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. मुंबई सेंट्रलजवळच्या मेट्रो स्थानकालाही त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

जागा नाही, तरी स्थानक

भूमिगत स्थानक बांधण्याची सोपी रीत म्हणजे रस्ता वरून खोदणे, आत स्थानक उभारणे आणि वरून छत घालून रस्ता पूर्ववत करणे. मार्गावरील बहुतेक स्थानके अशीच झाली. काळबादेवी आणि गिरगावात मात्र दोन्ही बाजूंना जुन्या इमारती आणि मध्ये अरुंद रस्ता. तेथे ‘नवी ऑस्ट्रियन बोगदा पद्धत’ वापरावी लागली. मर्यादित जागेत खोल विहीर खणायची, तळाशी पोहोचून खडक आडवा पोखरत जायचे. प्रत्येक लहान टप्प्यानंतर उघड्या खडकावर काँक्रीटचा फवारा मारायचा, पोलादी सळ्या ठोकून तो बांधायचा आणि वरच्या इमारती किंचित तरी हलतात का, हे उपकरणांनी सतत तपासत राहायचे. सळईच्या व्यापारात वाढलेल्या जालनेकरांना या कामात पोलादाचे मोल वेगळे सांगायला नको. आठ डब्यांच्या गाडीसाठी बांधलेल्या फलाटांना काचेचे सरकते दरवाजे आहेत. गाडी थांबल्यावरच ते उघडतात.

वर राहणाऱ्यांचा हिशेब

जिना, उद्वाहक आणि हवेच्या वाटा यांना मात्र जमिनीवर जागा लागतेच. त्यासाठी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. त्यांत अनेक पिढ्यांची भाडेकरू कुटुंबे होती आणि तळमजल्यावर दुकाने होती. 2015 मध्ये गिरगाव-काळबादेवीतील रहिवासी या प्रश्नावर रस्त्यावर उतरले. त्यांचे पुनर्वसन दूरच्या उपनगरात न करता त्याच परिसरात नव्या इमारतींत करावे, असे धोरण ठरले. दुकानदाराच्या दृष्टीने ही अट जीवनमरणाची होती; कारण गिऱ्हाईक पेढीच्या नावाइतकेच तिच्या ठिकाणालाही ओळखते.

श्रद्धेचा प्रश्नही उभा राहिला. वाडियाजी आतशबेहराम या पारशी अग्निमंदिराच्या आवाराखालून बोगदा जाऊ नये, म्हणून 2018 मध्ये काही पारशी नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. काही महिने तेथील काम थांबले. नंतर न्यायालयाने अनुमती दिली.

आज मालाचे गठ्ठे पूर्वीप्रमाणे हातगाडी आणि टेम्पोनेच निघतात. मेट्रोने जातो तो नमुने पाहणारा, भाव ठरवणारा व्यापारी. त्याचा वेळ वाचला, ही जमेची बाजू. ज्या कुटुंबांनी घर आणि गाळा सोडून ती जागा दिली, त्यांचे देणे नावे बाजूला आहे. प्रत्येक कुटुंब आपल्या परिसरात हक्काच्या जागी परतेल, तेव्हाच या स्थानकाचे खाते चुकते झाले असे म्हणता येईल.