प्रकल्प लिहायचाय? ग्रंथालय गाठा!

आपल्या मुलामुलींना शाळा-कॉलेजात प्रकल्प लिहून द्यावा लागतो. पुष्कळ जण तयार मजकूर आणून उतरवून काढतात. वस्तीतल्या मुलांना आम्ही ग्रंथालयात नेतो तेव्हा दिसते, की खरी अडचण पुस्तकांची नसून उंबरठ्याची आहे. काउंटरवर काय विचारावे हेच त्यांना उमगत नाही.

समजा, विषय आहे महाडचा सत्याग्रह. नुसते 'महाडवर पुस्तक आहे का?' विचारले, तर बहुधा 'नाही' असेच उत्तर येईल. म्हणून आधी एक प्रश्न ठरवावा. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव १९२३ सालीच झाला, महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. मग २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जावे का लागले?

एवढे हाती असले की वाट सापडते. प्रथम मराठी विश्वकोश उघडून नावे व साले टिपावीत. मग डॉ. बाबासाहेबांची चरित्रे, सामाजिक चळवळी आणि जिल्ह्याचा इतिहास अशी तीन कपाटे पाहावीत. जुन्या पुस्तकांत 'रायगड' शोधाल तर हाती काही लागणार नाही. १९८१ पर्यंत त्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. चांगदेव खैरमोडे व धनंजय कीर यांची चरित्रे शेजारी ठेवून वाचावीत. परिषदेला किती लोक जमले, हा आकडा पुस्तकागणिक बदलतो. अशा वेळी एक खोडून दुसरा ठेवू नये, कोणाचा कोणता ते लिहावे. बाबासाहेबांचे 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी निघाले. शासनाने त्याचे अंक पुन्हा छापले आहेत, ते जरूर मागावेत. आणि १९२७ वरच थांबू नये. तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले!

प्रत्येक टिपणाखाली पुस्तक, लेखक, साल व पान लिहावे. आम्ही कारकून माणसे. व्हाउचरशिवाय आमच्याकडे नोंद होत नाही.

संदर्भग्रंथ घरी मिळत नाहीत, तिथेच बसून वाचावे लागतात. त्याला वेळ लागतो. मुलगा सहज जाऊन बसतो, मुलीला मात्र पाणी भरून, भाकऱ्या थापून मग जावे लागते. तोवर वाचनकक्ष बंद व्हायची वेळ होते. आईवडिलांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी तिचे काम भावाकडे द्यावे. अनामत रक्कम सभासदत्व सोडताना परत मिळते. पावती तेवढी जपून ठेवावी.