डोंगर जेव्हा वाहू लागतो...

प्रतिनिधी

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक ग्रामस्थ चिखलाखाली गाडले गेले. रायगड जिल्ह्यात २२ जुलै २०२१ रोजी तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी येथे तशाच दुर्घटना घडल्या. वर्षानुवर्षे स्थिर असलेली माती काही क्षणांत कशी वाहू लागते, याचे उत्तर द्रायुयामिकी, म्हणजेच द्रव व वायूंच्या गतीचे शास्त्र देते.

पाणी किंचित उतार मिळताच वाहते. टूथपेस्ट मात्र नळी दाबल्याखेरीज बाहेर येत नाही. ठरावीक ताणापर्यंत घनासारखे राहणारे आणि ती मर्यादा ओलांडताच वाहणारे असे अनेक पदार्थ आहेत. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ युजीन बिंगहॅम यांनी त्यांच्या वर्तनाचे सूत्र मांडले.

उद्योगांनी या गुणधर्माचा खुबीने वापर केला आहे. तेलविहीर खोदताना बेंटोनाइट मातीचे मिश्रण आत सोडतात. पंप सुरू असताना ते वाहते आणि दगडाचा चुरा वर आणते. पंप थांबताच ते जेलीसारखे आळते व चुरा तळाशी बसू देत नाही. उंच इमारतींवर पंपाने चढविले जाणारे काँक्रीटही याच नियमाने वागते.

कारखान्यात उपयोगी पडणारा हा नियम डोंगरउतारावर घातक ठरतो. सह्याद्रीतील बेसॉल्ट झिजून तयार झालेला मातीचा थर कणांमधील घर्षणामुळे उतारावर टिकून असतो. संततधार पावसाचे पाणी मुरले, की कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, घर्षण घटते आणि मातीचे वजनही वाढते. मर्यादा ओलांडली जाताच चिखल मोठमोठे दगड घेऊन खाली येतो. सपाटीवर पोहोचल्यावर तो पुन्हा थिजतो. म्हणूनच बचावकार्य इतके कठीण होते.

सुटलेला चिखल किती दूर व किती वेगाने जाईल, याचा अंदाज आता संगणकीय प्रारूपांद्वारे बांधता येतो. त्यासाठी उताराचा नकाशा, मातीचे गुणधर्म आणि पावसाच्या नोंदी लागतात. केवळ कोणती दरड सुटेल हे पाहून भागत नाही. चिखल कुठवर पोहोचेल, यावर वस्तीची जागा ठरायला हवी. उतारावर पडलेल्या भेगा, अचानक गढूळ झालेले झरे, कललेली झाडे व खांब या निसर्गाच्या पूर्वसूचना आहेत. त्या दिसताच वस्ती हलविणे, हाच आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे.