शेंगा पिकवणारा उमेदवार

अमेरिकेत जॉर्जिया नावाचे राज्य आहे. तेथे प्लेन्स हे एक लहान गाव. त्या गावात जिमी कार्टर राहत. त्यांची भुईमुगाची शेती होती.

कार्टर पूर्वी आरमारात अधिकारी होते. ते यंत्रविद्या शिकलेले होते. त्यांनी पाणबुडीवर काम केले होते. 1953 साली वडील वारले, म्हणून ते नोकरी सोडून घरी आले.

1962 साली ते राज्याच्या सिनेटसाठी उभे राहिले. सिनेट म्हणजे राज्याचे कायदे करणारी एक सभा. तेव्हा त्यांचे वय 38 होते. आपल्या भागाबाहेर त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. त्या देशात पक्षाचा उमेदवारही लोकच मते देऊन ठरवतात. ते मतदान आधी झाले.

जॉर्जटाऊन गावी काय झालं, पाहा. तेथे मत गुप्त नव्हतेच. सर्वांसमोर चिठ्ठीवर खूण करायची! गावचा पुढारी जवळ उभा. मत कुणाला द्यायचं, तेही तोच सांगे.

मोजणी झाली. कार्टर 139 मतांनी हरले.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. कार्टर बसले नाहीत. त्यांनी व मित्रांनी लोकांचे जबाब लिहून घेतले. एका बातमीदाराने हा प्रकार वर्तमानपत्रात छापला. मग न्यायाधीशापुढे पेटी उघडली.

मत दिले होते 333 जणांनी. पेटीत निघाल्या 420 चिठ्ठ्या. म्हणजे 87 जास्त! यादीतली पुष्कळ नावे मुळाक्षरांच्या क्रमाने ओळीने लिहिलेली होती. माणसे कधी अशी अक्षरांच्या रांगेने येतात का? काही नावे तर मेलेल्या माणसांची होती.

ती पेटी रद्द झाली. कार्टर 65 मतांनी जिंकले. नोव्हेंबरात मुख्य निवडणूक झाली. तीही त्यांनी जिंकली. पुढे 1977 साली ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. 2024 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी ते वारले.

यातून आपण काय घ्यायचं? चोरी कशाने उघडी पडली? यादी वाचल्याने आणि चिठ्ठ्या मोजल्याने. आता आपणही वाचू लागलो आहोत. तेव्हा मतदारयादी आली की आपले नाव स्वतः वाचून पाहू या. आपले मत आपणच देऊ या. ते कुणाला दिले, हे विचारायचा हक्क कुणालाच नाही.