घास चावण्याचे शिक्षण

मूल सहा महिन्यांचे झाले की आपल्या देशात बहुतेक घरांतून त्याच्या तोंडाला पहिले अन्न लावण्याचा समारंभ होतो. महाराष्ट्रात त्यास उष्टावण म्हणतात, बंगालमध्ये मुखेभात, केरळात चोरूण. मामाने खिरीचे बोट बाळाच्या ओठांना लावावे, बाळाने तोंड वाकडे करावे आणि जमलेल्या मंडळींनी हसावे, एवढ्यात तो सोहळा आटोपतो. खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते, आणि ते आईच्या वाट्याला येते.

डाउन लक्षणसमूह असलेल्या बालकाच्या घरी हे काम पुष्कळ दिवस चालते. आई मऊ भाताचा चमचा बाळाच्या तोंडात घालते; बाळाची जीभ तो भात जसाच्या तसा पुढे आणून हनुवटीवर सोडते. पुन्हा चमचा, पुन्हा तीच जीभ. आठ दिवस असे गेले की घरातील वडीलधारी माणसे ‘ह्याला अन्न नकोच आहे’ असा निकाल देतात. भात मिक्सरमध्ये जातो, त्याची पातळ पेज होते, ती मुकाट्याने पोटात जाते आणि सर्वांस हायसे वाटते. पुढे मूल अडीच-तीन वर्षांचे झाले तरी पेज सुटत नाही. घासात एखादे शीत लागले तरी ते ओकारी काढते. हा परिणाम अटळ असतो असे मुळीच नाही. त्याचा उगम बहुधा त्या पहिल्या आठ दिवसांतील गैरसमजात असतो.

ह्या लक्षणसमूहाचे पहिले व्यवस्थित वर्णन जॉन लँग्डन डाउन ह्या इंग्रज वैद्याने १८६६ मध्ये केले. त्याचे कारण मात्र जवळजवळ शंभर वर्षे अज्ञात राहिले. १९५९ मध्ये झेरोम लेज्यून, मार्त गोतिए आणि रेमों त्युर्पँ ह्या फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले की अशा बालकांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. दर हजार जन्मांमागे सुमारे एक बालक असे जन्मते. आईच्या खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा किंवा कोणाच्या दृष्टीचा ह्याच्याशी काही संबंध नाही, हे येथे एकदा स्पष्ट सांगितलेले बरे.

ह्या जादा गुणसूत्राचा खाण्याशी येणारा संबंध मुख्यतः स्नायूंच्या द्वारे येतो. अशा बालकाचे स्नायू जन्मतः शिथिल असतात. सांध्यांना बांधून ठेवणारे बंधही सैल असतात. ओठ, गाल, जीभ आणि जबडा ही सारी स्नायूंचीच यंत्रे आहेत. शिवाय चेहऱ्याचा मधला भाग लहान, टाळू अरुंद आणि नाकाच्या वाटा निमुळत्या असतात. जीभ मोठी आहे असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु बहुधा जीभ नेहमीएवढीच असून तिला राहावयास मिळालेली खोली लहान असते. त्यातून नाक चोंदलेले असले तर बालक तोंडाने श्वास घेते, आणि ज्या दाराने श्वास घ्यावयाचा त्याच दाराने घासही घ्यावयाचा, अशी त्याची अडचण होते.

चावणे ही क्रिया आपण मोठी माणसे इतक्या सहजपणे करतो की ती शिकावी लागते हेच आपल्या ध्यानात राहत नाही. दूध ओढताना अर्भकाची जीभ फक्त पुढेमागे सरकते. पहिले काही महिने जिभेला लागलेली घट्ट वस्तू बाहेर ढकलण्याची एक उपजत प्रतिक्रियाही तिच्यात असते. श्वासमार्गाच्या रक्षणास ती उपयोगीच पडते. सामान्य बालकात ही प्रतिक्रिया चौथ्या ते सहाव्या महिन्यात मावळू लागते. मग जिभेला नव्या हालचाली शिकाव्या लागतात : घास बाजूला नेऊन हिरड्यांवर ठेवणे, गालाच्या आधाराने तेथे धरणे, वाटला गेलेला घास पुन्हा मध्ये गोळा करणे आणि मग मागे लोटणे. जबडा प्रथम नुसता वरखाली होतो. जात्याप्रमाणे गोल फिरावयास तो पुढे शिकतो. गिळण्याच्या क्षणी श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते आणि श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते. डाउन लक्षणसमूह असलेले बालक हे सर्व ह्याच क्रमाने शिकते, परंतु प्रत्येक पायरीवर अधिक काळ रेंगाळते. भात बाहेर लोटणारी त्याची जीभ भाताला नाकारीत नसते. तिला अद्याप ती एकच हालचाल येत असते.

मग जीभ तयार होईपर्यंत थांबावे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना १९६४ मध्ये रोनाल्ड इलिंगवर्थ आणि लिस्टर ह्यांनी प्रसिद्ध केलेला एक निबंध आजही मार्गदर्शक ठरतो. बालक चावावयास शिकण्याच्या योग्यतेला येते त्या सुमारास त्याला घट्ट अन्न मिळाले नाही, तर पुढे ते शिकविणे फार कठीण जाते, असे त्यांनी मांडले. पुढील काळात इंग्लंडमध्येच झालेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की ज्या मुलांना दहाव्या महिन्यानंतरच गुठळ्या असलेले अन्न प्रथम मिळाले, त्यांच्यात खाण्याच्या तक्रारी अधिक होत्या. अर्थात ह्या मुदती सामान्य बालकांच्या आहेत. डाउन लक्षणसमूहाच्या बालकांत आधाराशिवाय बसणे सरासरीने अकराव्या महिन्याच्या आसपास येते. एखादे सहाव्या महिन्यात बसते, तर एखाद्यास अडीच वर्षेही लागतात. यास्तव पंचांगापेक्षा बालकाकडे पाहावे. आधार दिल्यावर मान स्थिर राहते काय, दुसऱ्याच्या ताटाकडे ते टक लावून पाहते काय, चमचा जवळ येताच तोंड उघडते काय, ह्या खुणा महत्त्वाच्या. तथापि खुणांची वाट पाहत वर्ष घालविणेही योग्य नाही. सहाव्या महिन्यानंतर आईच्या दुधातील लोह बालकाच्या वाढीस पुरत नाही. म्हणून त्या सुमारास गुळगुळीत पण दाट अन्नाने आरंभ करावा आणि तेथून पुढे सरकत राहावे. दात येण्याची वाट तर पाहूच नये. ह्या बालकांचे दात उशिरा, पुष्कळदा वर्ष उलटल्यावर येतात. मऊ अन्न मात्र हिरड्यांनी चांगले वाटले जाते.

आरंभापूर्वी वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण ह्या बालकांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. असे बालक दूध पितानाच दमते, कपाळावर घाम येतो, श्वास जोराने चालतो. त्याला थोडे थोडे, परंतु अधिक वेळा आणि अधिक पौष्टिक अन्न द्यावे लागते. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. अन्न श्वासनलिकेत गेले की ठसका लागतो असा आपला अनुभव; ह्या बालकांत मात्र काही वेळा ठसका न लागताच अन्नाचा अंश फुप्फुसाकडे उतरतो. जेवताना आवाज ओलसर, घरघरता होणे, डोळ्यांतून पाणी येणे, छातीचे विकार वारंवार उद्भवणे, ह्यांपैकी काही दिसल्यास नवे अन्न थांबवून तपासणी करून घ्यावी. बेरियम मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांनी पाहिला म्हणजे तो कोणत्या वाटेने जातो हे स्पष्ट कळते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन लक्षणसमूहाचा समावेश असून, त्या कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांकडे अशा बालकांना पाठविण्याची योजना आहे.

आता बैठकीविषयी. आपल्याकडे बाळाला पायांवर आडवे घेऊन बोंडल्याने किंवा दक्षिणेत पालाडईने भरविण्याची रीत आहे. अगदी कोवळ्या, ओढण्याची शक्ती नसलेल्या अर्भकास हे साधन उपकारक ठरते, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्याच बोंडल्याने दुसऱ्या वर्षी पेज ओतली जाते तेव्हा ओठांना मिटावे लागत नाही, जिभेला काही करावे लागत नाही, आणि आडव्या बालकाच्या घशाकडे पेज आपल्या वजनाने धावते. खाण्यासाठी बालक ताठ बसलेले हवे. कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात, पाठ टेकलेली, पावले कशावर तरी ठेवलेली, मान किंचित पुढे. ह्यासाठी महागडी खुर्ची लागत नाही. भिंतीचा कोपरा, दोन्ही बाजूंस गुंडाळलेल्या गोधड्या आणि पायांखाली पाट एवढ्याने काम भागते. धड डळमळत असेल तर शिथिल स्नायूंची सारी शक्ती तोल सांभाळण्यातच खर्च होते, जबड्यासाठी ती उरत नाही.

चमचा लहान, उथळ आणि चपटा घ्यावा. भरविणाऱ्याने बालकासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. चमचा जिभेच्या मधोमध ठेवून अगदी हलका दाब द्यावा. त्यामुळे जिभेची पुढे येण्याची ओढ कमी होते. मग थांबावे. वरचा ओठ खाली येऊन चमच्यावर मिटला की चमचा सरळ बाहेर घ्यावा. वरच्या हिरडीवर चमचा पुसून अन्न आत सोडण्याची सवय सर्वत्र आहे, आणि नेमकी तीच टाळावयाची आहे, कारण ओठाचे काम मग चमचाच करून टाकतो. जबडा लोंबत असेल तर हनुवटीखाली एका बोटाचा आधार द्यावा. मात्र आधार द्यावा, दाबून तोंड मिटवू नये.

जिभेला बाजूस जावयास शिकविण्याचा उपाय तितकाच साधा आहे. बोटाएवढा शिजवलेल्या भोपळ्याचा किंवा पिकलेल्या पपईचा तुकडा हातात धरून बालकाच्या मागच्या हिरड्यांवर, एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे, टेकवावा. जबडा आपोआप मिटतो आणि जीभ त्या चवीच्या शोधात बाजूला वळते. पहिल्या दिवशी एवढेच पुरे.

अन्नाचा घट्टपणा पायरीपायरीने वाढवावा. प्रथम चमचा तिरका केला तरी न ओघळणारे गुळगुळीत अन्न : नाचणीचे दाट सत्त्व, घोटलेली मुगाची खिचडी, कुसकरलेला बटाटा. ते स्थिरावले म्हणजे मिक्सर बंद करून हाताने कुसकरावयास लागावे, म्हणजे मऊ बारीक गुठळ्या राहतात. मग ओलसर बारीक तुकडे, मग इडलीसारखे बोटाने सहज चिरडणारे घास. गिळण्याच्या विकारांसाठी अन्नाच्या घट्टपणाची जी आंतरराष्ट्रीय श्रेणी ठरविण्यात आली आहे तीत लहान मुलांसाठी बारीक, ओलसर अन्नातील कण २ मिलिमीटरपर्यंत आणि मऊ तुकडे ८ मिलिमीटरपर्यंत असावेत असे सांगितले आहे. एका पायरीवरून दुसरीकडे जाताना एकाच जेवणात दोन-तीन घासच नवे द्यावेत, बाकीचे ओळखीचे. नवे अन्न मुलाने स्वीकारण्यास आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा ते पुढे ठेवावे लागते.

येथे एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. आपण ज्याला हलके अन्न समजतो तेच कित्येकदा सर्वांत कठीण असते. पातळ वरणात सुटी शिते, दुधात भिजविलेले पोहे, ताकात कुसकरलेली भाकरी, ह्यांत पाणी आणि घन पदार्थ दोन्ही एकाच घासात असतात. शिते चावावयास थांबावे तोवर पाणी घशाकडे निघून जाते. ह्या दोन गती एकदम सांभाळणे अनुभवी तोंडाचे काम आहे. म्हणून वरण दाट असावे आणि भातात पूर्ण कालवून एकजीव करावे.

शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, कच्चे गाजर, अख्खी द्राक्षे आणि कठीण गोळ्या मात्र पुष्कळ काळ दूर ठेवाव्यात. ओकारी आणि घुसमट ह्यांतील भेदही घरातील प्रत्येकाने जाणून घ्यावा. ओकारीत आवाज होतो, जीभ बाहेर येते, चेहरा लाल होतो. ती श्वासमार्गाची राखण आहे, तेथे धीर धरावा. घुसमटीत आवाज बंद पडतो आणि ओठ निळे होतात. तेथे क्षणाचाही विलंब चालत नाही. त्या वेळी काय करावयाचे हे आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष पाहून, हाताने करून शिकून घ्यावे.

उत्तर भारतात आणि इतरत्रही गव्हाचा दलिया लवकर सुरू होतो. ह्या बालकांत गव्हातील ग्लुटेन न सोसण्याचा विकार इतरांपेक्षा अधिक आढळतो. गहू सुरू झाल्यावर जुलाब, पोट फुगणे किंवा वजन थांबणे दिसल्यास तो हट्टीपणा न समजता रक्ततपासणी करावी. थायरॉइडचेही तसेच, बद्धकोष्ठ आणि मंद भूक ह्यांमागे पुष्कळदा तीच ग्रंथी असते.

ह्या बालकांच्या शिकण्यात एक बलस्थान आहे, आणि जेवणाच्या वेळी ते फुकट जाते. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले ती लवकर उचलतात, आणि अनुकरण त्यांना फार आवडते. असे असूनही बालकाला आधी एकटे भरवून, पुढ्यात मोबाइल ठेवून, मग बाकीची मंडळी जेवावयास बसतात. भावंडांच्या पंगतीत त्याचे छोटे ताट मांडावे. ताई तोंड मिटून, जबडा फिरवून चावताना दिसते, तेव्हा तोंडाने केलेल्या सूचनांपेक्षा कितीतरी अधिक शिक्षण घडते. हात बरबटू द्यावेत. वीस-तीस मिनिटांनंतर ताट उचलावे, उरले असले तरी. नाक दाबून, हात धरून भरविलेला घास पोटात जातो खरा, परंतु दुसऱ्या दिवशी चमचा पाहूनच मान वळते, आणि कित्येक आठवड्यांची कमाई त्या एका घासात खर्ची पडते.

पोळी सर्वांत शेवटी येते. ती तोडावी लागते, वाटावी लागते, आणि ओली झाली की चिकटते. अरुंद टाळूच्या खोबणीत तिचा, तसाच केळ्याचा, लगदा अडकून राहतो आणि जेवणानंतर खेळताना किंवा झोपेत सुटून घशाकडे येऊ शकतो. म्हणून प्रत्येक जेवणानंतर पेल्याने दोन घोट पाणी पाजावे, मूल हसत असताना तोंडात डोकावून टाळू पाहावा, आणि मगच त्याला पाटावरून उठू द्यावे.