अंग चोरून वाढणारी झाडं

कोल्हापुरात आता घर बांधून झाल्यावर झाडासाठी जी जागा उरते, ती पट्टीसारखी असते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यात घर, गाडीची जागा, पाण्याची टाकी बसवली की घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये चार-पाच फुटांची चिंचोळी जागा राहते. राजारामपुरीतल्या बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली, उपनगरांत रो हाऊसच्या रांगा आल्या, आणि बहुतेकांनी या पट्टीवर फरशी घालून टाकली. मला ते फार लागतं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर लोकांना झाडं निवडायला मदत करते. माझं ठाम मत आहे की चार फुटांतही झाड होतं. फक्त ते स्वभावानंच उभं वाढणारं हवं.

लोक येतात आणि म्हणतात, “मॅडम, भिंतीकडंला लावायला बारकं काहीतरी सांगा की.” पण रोपवाटिकेच्या पिशवीत प्रत्येक रोप बारकंच असतं. गुलमोहर, सप्तपर्णी, पोफळ, सगळी दीड-दोन फुटांची. म्हणून मी त्यांना आधी रुंदी विचारायला सांगते. उंचीला आकाश मोकळं असतं. भांडण होतं ते रुंदीवरून, शेजाऱ्याशी किंवा स्वतःच्या खिडकीशी. आणि निवड चुकली तर झाड सहज काढताही येत नाही. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे. आपल्याच आवारातलं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हा कायदा मला योग्यच वाटतो, आणि म्हणूनच विचार लावण्याआधी करायचा.

काही झाडं उभी का वाढतात? शेंड्याच्या कोंबात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना दबवून ठेवतं. काही जातींत शेंड्याचा हा धाक आयुष्यभर टिकतो, काहींत लवकर सुटतो आणि झाड छत्रीसारखं पसरतं. शेंडा छाटला की धाक संपतो आणि खालचे डोळे एकदम फुटतात. पसरणाऱ्या झाडाचा शेंडा दरवर्षी कापून ते अरुंद ठेवू पाहणारे लोक त्याला अधिकच रुंद करत असतात. अरुंदपणा कात्रीनं येत नाही, तो झाडाच्या जातीतच असावा लागतो. १९६०च्या दशकात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात ‘मॅकिंटॉश’ सफरचंदाच्या एका झाडावर जवळजवळ आडव्या फांद्याच नसलेली एक फांदी सापडली. आज खांबासारखी वाढणारी जी सफरचंदं जगभर लावतात, त्यांचं मूळ त्या एका फांदीत आहे.

आपल्याकडे उभं झाड म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो उंच अशोक, ज्याला काही जण खोटा अशोक म्हणतात. त्याची मूळ जात पसरणारी आहे; खाली झुकलेल्या फांद्यांचा हा प्रकार बागांसाठी निवडला गेला. हे झाड कमी प्रतीचं मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याची फळं कोकीळ आणि वटवाघळं खातात. ‘टेल्ड जे’ या हिरव्या ठिपक्यांच्या चपळ फुलपाखराच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात. त्याला पाच-सहा फुटांची रुंदी पुरते. पण ते चाळीस फुटांवर जातं, म्हणून वर विजेची तार असेल तिथं ते लावू नका.

सावध राहायचं ते कोनोकार्पसपासून. झटपट वाढतं, सरळ उभं राहतं, बाराही महिने हिरवं दिसतं, म्हणून सोसायट्यांनी पडद्यासाठी त्याच्या रांगा लावल्या. त्याच्या परागकणांचा श्वसनाला होणारा त्रास आणि मुळांनी केबल व सांडपाण्याच्या नळांचं होणारं नुकसान यांबद्दल तक्रारी आल्या, आणि गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. बूचही सरळ आणि उंच वाढतं, पावसाळा सरता सरता त्याच्या पांढऱ्या फुलांचा सुवास गल्लीभर पसरतो. पण लाकूड ठिसूळ. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे वळीव येतो तो वारं घेऊनच, आणि बुचाच्या फांद्या त्यात मोडतात. शिवाय मुळांवर जागोजागी नवे फुटवे येतात. मोकळ्या मैदानाच्या कडेला बूच शोभतं, पत्र्याच्या शेडशेजारी नाही.

मग लावायचं काय? चार फुटांच्या पट्टीत माझी पहिली पसंती पोफळ. खोड वीतभर जाड, पसारा काय तो शेंड्याला, आणि तोही घराच्या छताच्या वर जातो. बागेत दोन पोफळींमध्ये सुमारे नऊ फूट अंतर ठेवतात, तेवढं इथंही ठेवा. तिला पाणी नियमित लागतं आणि पश्चिमेचं ऊन सोसत नाही. कोवळं खोड भाजून तडकतं. म्हणून बागाईतदार नैऋत्येला केळ लावून सावली करतात. घराच्या पूर्वेची पट्टी तिला उत्तम. पपईही अशीच उभी वाढते, पण पाणी साचणाऱ्या भागात ती टिकत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये जिथं पंचगंगेचं पाणी शिरलं, तिथं पपईचा विचार सोडा. दोन दिवस मुळं पाण्यात राहिली तरी ती मान टाकते.

पट्टी सहा-सात फुटांची असेल तर पारिजातक. वाढ जलद, छाटणी सोसणारा. एकच खोड ठेवून खालच्या फांद्या काढत गेलं की खाली चालायला वाट राहते.

कोपऱ्यात दहा फूट मिळत असतील तर आपल्या सह्याद्रीतली दोन झाडं मी आग्रहानं सांगते. एक नागकेशर. वर्षानुवर्षं शंकूसारखं राहतं, कोवळी पालवी तांबडी, फुलं पांढरी आणि मधोमध पिवळा पुंकेसरांचा गुच्छ. वाढ इतकी सावकाश की लहान घराला तेच सोयीचं पडतं. श्रीलंकेचा हा राष्ट्रीय वृक्ष आहे. दुसरं झाड कोकम. तेही शंकूच्या आकाराचं आणि सावलीतही तग धरणारं, म्हणून दोन इमारतींच्या मधल्या जागेला योग्य. पण कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बियांच्या रोपांत ते कळायला सात-आठ वर्षं जातात. म्हणून मादी झाडाचं कलमच घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या जाती दिल्या आहेत. घेताना एक प्रश्न नक्की विचारा: काडी उभ्या शेंड्याची होती की आडव्या फांदीची? उभ्या शेंड्याच्या काडीचं कलम सरळ वर जातं. आडव्या फांदीच्या काडीचं कलम तिचीच सवय धरून जमिनीलगत पसरतं.

झुडपांमध्ये कढीपत्ता आणि कुंती हे दोन नातेवाईक. कढीपत्त्याचे मुळांतून येणारे फुटवे काढत राहिलात तर तो दोन-तीन फुटांत मावतो, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली यापेक्षा कामाचं झाड नाही. कुंती दाट आणि सुवासिक, शेजारच्या जिन्यावरून दिसू नये म्हणून पडद्याला उत्तम. जास्वंदीचंही एकच खोड ठेवून सात-आठ फुटांचं लहानसं झाड करता येतं. तिला फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे छाटणीनं ती बहरते.

अरुंद झाडाची मुळं अरुंद नसतात, हे मात्र लक्षात ठेवा. बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीतच असतात आणि जिकडे ओल व हवा मिळेल तिकडे जातात. धड नळ मुळं सहसा फोडत नाहीत. गळका सांधा सापडला की आत शिरतात. म्हणून लावण्याआधी सांधे तपासून घ्या. दोन फांद्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या चिकटून वाढत असतील तर त्यांतली एक लहानपणीच काढा. त्या खाचेत साल दबते, जोड कच्चा राहतो आणि वळवाच्या वाऱ्यात तिथंच फाटतो.

जून उजाडला की रोपवाटिकांत गर्दी होते. त्याआधी टेप घेऊन पट्टीत उतरा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा: पट्टीची रुंदी, वरच्या तारेची उंची, आणि ऊन किती तास येतं. जमलं तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जाऊन पूर्ण वाढलेली झाडं पाहा, कारण पिशवीतलं रोप पुढं किती पसरेल हे सांगत नाही. मग तो कागद घेऊनच रोप आणायला जा. फरशीखाली गेलेल्या पट्ट्यांपैकी निम्म्या जरी अशा उघडल्या, तरी राजारामपुरीच्या एकेका गल्लीत पोफळ, कुंती आणि कढीपत्ता यांची रांग उभी राहील.