टेस्ट वगळली म्हणजे पास नव्हे, फेलही नव्हे

नागपूरच्या हिंगणा रोडवर अभियांत्रिकी महाविद्यालयांची रांगच आहे. तिथल्या लॅबमध्ये फिरत्या हार्ड डिस्कचा जुना पीसी आणि शेजारी एसएसडीचा नवा, ही जोडी हमखास सापडते. दोन्हींवर लिनक्सचा ‘ब्लकटेस्ट्स’ हा स्टोरेज ड्रायव्हर तपासणारा संच चालवून बघा. (डिस्क रिकामीच घ्या, तिच्यावरचा डेटा पुसला जातो.) ‘ब्लॉक/००३’ ही टेस्ट एसएसडीवर चालते, जुन्या डिस्कपुढे मात्र ‘नॉट रन’ उमटतं.

काहीतरी बिघडलं, असं मुलांना वाटतं. बिघडलेलं काही नसतं. ही टेस्ट डिस्कार्डची, म्हणजे कोणती जागा आता वापरात नाही हे डिस्कला कळवण्याची. साध्या फिरत्या डिस्कला ती सोयच नसते.

न चाललेली टेस्ट पासमध्ये धरणं हा त्याहून वाईट गैरसमज. लिनक्सच्याच ‘केसेल्फटेस्ट’ या दुसऱ्या टेस्ट-संचात पास टेस्ट ० परत करते, फेल झालेली १ आणि वगळलेली ४. हा वेगळा आकडा मुद्दाम ठेवलेला आहे. रिपोर्टात त्याचा पास करून टाकला, तर जे तपासलंच नाही त्याची हमी आपण देऊन बसतो.

संचाने आपणहून वगळली म्हणजे बरोबरच वगळली असणार, ही समजूत मला सर्वांत धोक्याची वाटते. ब्लकटेस्ट्स निर्णय कसा घेतो? कर्नलने त्या डिस्कसाठी मांडलेला ‘डिस्कार्ड_मॅक्स_बाइट्स’ हा आकडा वाचतो. तो ० असला की टेस्ट वगळतो. पण हा आकडा ड्रायव्हरने दिलेल्या माहितीवर ठरतो. ड्रायव्हरमध्ये चूक होऊन चांगल्या एसएसडीसाठीही ० आला, तर टेस्ट चालणारच नाही, फेलचा आकडा शून्य दिसेल आणि चूक तशीच पुढे जाईल. ज्याची परीक्षा घ्यायची, त्यालाच ‘हा विषय तुला आहे का’ असं विचारल्यासारखं झालं. म्हणून कोणत्या मशीनवर कोणत्या टेस्ट वगळल्या जायला हव्यात, याची यादी आधीच करून ठेवावी. यादीबाहेरची टेस्ट वगळली गेली, तर कारण सापडेपर्यंत ती फेलच समजावी.

हार्डवेअर नाही म्हणून हात टेकायचंही कारण नाही. ‘नल_ब्लक’ आणि ‘स्कझी_डीबग’ ही कर्नल मॉड्यूल्स झोन्ड डिस्कचं, म्हणजे जिच्या विभागांत क्रमानेच लिहावं लागतं अशा डिस्कचं, सोंग घेऊ शकतात. खऱ्या डिस्कच्या फर्मवेअरमधले दोष मात्र त्यांत सापडणार नाहीत.

पुढच्या प्रोजेक्ट रिपोर्टात पास आणि फेलच्या शेजारी ‘वगळलेल्या’ हा तिसरा रकाना आखा आणि प्रत्येक टेस्टपुढे कारण लिहा.